हळदीचा कागद

महाड, ता. १५ नोव्हेंबर १९३४

दादा,

तुझं पत्र येत नाही म्हणून मीही लिहायचं थांबवलं, तर आपल्या घरात एकमेकांशी बोलणारं कोणी उरणार नाही. म्हणून लिहितो.

दिवाळीच्या सुटीत मी महाडला आहे. आमच्यासारख्या खेड्यातल्या मास्तरांसाठी इथल्या हायस्कुलात प्रयोगांचा वर्ग काढला आहे. आम्ही सगळे फायनल पास. पाढे, कविता आणि इतिहास यांपलीकडे आमची उडी नाही. आता पोरांना सृष्टिज्ञानही शिकवायचं म्हणून आम्हाला बाकांवर बसवलं आहे. मला आयुष्यात पहिल्यांदा काचेची परीक्षानळी हातात मिळाली, आणि ती मी पहिल्याच सकाळी फोडली. बिरवाडीचे भागोजी मास्तर माझ्याहून पुढचे. चुन्याची निवळी आहे, तोंडात घालू नका, असं सांगून झालं तोवर त्यांनी घोट घेतलाच होता. दिवसभर ते जीभ बाहेर काढून वारा घेत बसले.

शिकवणारे करमरकर सर इथल्याच हायस्कुलातले, मूळचे पुण्याचे, बारीक अंगाचे, हातावर आम्लाचे डाग. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "तुमच्यातल्या कोणाला रसायनशास्त्री व्हायचं नाही, हे मला ठाऊक आहे. मला एवढंच हवं की कोणी काही सांगितलं तर ते खरं का खोटं, हे करून बघण्याची तुम्हाला सवय लागावी."

त्यांनी आम्हाला घरून वस्तू आणायला सांगितल्या होत्या. कोणी आमसुलं आणली, कोणी चिंच, लिंबू, तुरटी, पापडखार. आम्ही हळद स्पिरिटात कालवून त्यात टीपकागद बुडवले आणि वाळवले. मग एकेक वस्तू पाण्यात विरघळवून त्या पिवळ्या कागदावर थेंब टाकायचा. आंबट वस्तूने कागद पिवळाच राहतो. चुना, धुण्याचा सोडा, राख यांनी लालभडक होतो. त्याच लाल डागावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. आम्ही मिशा आलेले बाप्ये पोरांसारखे एकमेकांच्या बाकावर वाकून बघत होतो. दादा, तुझ्या कमरेच्या चंचीत चुना असतोच. वाण्याकडून चिमूटभर हळद आण आणि तळहातावर चोळून बघ.

मी घरून राख नेली होती. गोठ्यातल्या कोपऱ्यात ठकूआत्याचं मडकं असतं ना, त्यातली. माझा कागद सगळ्यांत छान रंगला. सरांनी विचारलं, ही राख घरात कशाकशाला वापरता? मी म्हटलं, भांड्यांना, दातांना, आणि बाळंतपणात नाळ कापली की आत्या वर हीच लावते. सरांनी कागद खाली ठेवला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, वर्ग सुटला की दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना भेटा. मी भेटलो. त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. तुझ्या गिरणीतला गोमाजी मुंबईहून आला तेव्हा दोन गोष्टी बोलला. वहिनीला पुन्हा दिवस गेलेत हे ऐकून मला फार आनंद झाला. दुसरी गोष्ट ऐकून मात्र मन खट्टू झालं. तू रावजीकाकांना निरोप धाडलास, की कशेडीपलीकडचा भगत आणून आत्या चेटकीण आहे का याची पारख करा, आणि ती दोषी निघाली तर तिला वाडीतून काढा, तरच मी घरी पाऊल टाकीन. दादा, तुझी दोन लेकरं बारशाआधी गेली. तुझं दुःख मी मोजू शकत नाही. पण आई गेली तेव्हा मी रांगत होतो आणि तू माझा हात धरून चालायला शिकवत होतास. आपल्या दोघांना जिने वाढवलं, ती हीच बाई. हा निरोप तू मागे घे.

तुझा,
मुरारी


वाडी, ता. २९ नोव्हेंबर १९३४

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. भगत मात्र आला.

तू विचारणार नाहीस, पण काय झालं ते तुला माझ्याकडून कळावं. गोमाजीकडून कळलं तर त्यात तो आपलं मीठमसाला घालील.

मी महाडहून परत आलो तर दुपारी खळ्यावर सगळी वाडी जमलेली. भगत वयस्क, शांत चेहऱ्याचा. मला वाटलं होतं तसा आरडाओरडा करणारा मुळीच नव्हता. त्याने रांगोळी काढून मध्ये तांब्याचं भांडं ठेवलं होतं. त्यात पाणी, नितळ. शेजारी ताटात हळद आणि उभी चिरलेली लिंबं. आत्या भांड्यासमोर बसली होती. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, फक्त पाठ. पाठीवर पदर नीट सरळ घेतलेला, जशी ती देवळात बसते तशी.

भगताने सांगितलं की हे देवाचं पाणी आहे. जिच्या हाताला लेकराचं रक्त लागलं असेल, तिचा हात यात घातला की ते रक्त वर येईल. मग त्याने तिच्या दोन्ही हातांना हळद चोळली आणि हात पाण्यात घालायला लावले.

दादा, तुला खरं सांगतो, कारण ठाऊक असूनही मी क्षणभर नजर वळवली. तिचे ते हाडकुळे हात मनगटापर्यंत लाल झाले. पाणी लाल झालं. बायांमधून एकदम हुंदका फुटला. रखमाकाकीचा नातू गेल्या आषाढात गेला, ती छाती पिटत पुढे धावली. आत्या आपल्या हातांकडे बघत राहिली. मला तेच सर्वांत भयंकर वाटलं, की तिला स्वतःलाही ते खरं वाटतं आहे.

मी पुढे झालो. भगताच्या ताटातली हळद माझ्या हातांना फासली आणि त्याच भांड्यात हात घातले. लाल. सगळ्यांना दाखवले. भगताचंच लिंबू उचलून हातावर पिळलं, तर लाली गेली, हात पुन्हा पिवळे. मी सांगितलं की या पाण्यात चुन्याची निवळी आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते. यात ना देव ना रक्त.

मला वाटलं होतं, झालं. पण कोणीतरी मागून म्हणालं, मास्तर तिच्याच मांडीवर वाढला, त्याच्यात पण तेच उतरलंय. आणि लोक माझ्यापासून मागे सरकले. ज्या पोरांना मी बाराखडी शिकवतो, त्यांना त्यांच्या आया ओढून घेऊ लागल्या.

तेवढ्यात रावजीकाका उठले. तुझा निरोप त्यांनाच आला होता, भगताला माणूस त्यांनीच धाडला होता. भांड्यापाशी बसले, हळद घेतली, हात घातले, आणि लाल झालेले हात वर धरून वाडीकडे वळले.

"आता मी पन चेटकीन का?" ते म्हणाले.

कोणीतरी हसलं. मग आणखी कोणी. रावजीकाकांच्या पिकल्या मिशा आणि लाल हात बघून पोरं खिदळायला लागली. मग पोरांनी हळदीवर झडप घातली आणि भांड्याभोवती हीऽ गर्दी. भगताने ते सगळं बघितलं. तो रागावला नाही. सामान बांधताना मला एवढंच म्हणाला, की माझ्या गुरूनं जसं दाखवलं तसं मी करत आलो, का होतं ते त्यानं कधी सांगितलं नाय. मला त्याची कीव आली. किती घरांत त्याने हे केलं असेल, हा विचार मात्र नंतर आला.

आत्याला मी घरी आणलं. हात धुवायला पाणी दिलं. ती जेवली नाही.

रखमाकाकी हसली नव्हती. ती तशीच घरी गेली.

तुझा,
मुरारी


वाडी, ता. १४ डिसेंबर १९३४

दादा,

तुझं पत्र मिळालं. केवढंसं पत्र, पण आलं हेच खूप. 'चुना लावून पाहिला. लाल झाला. आत्याचं जाऊ दे. मग माझी पोरं कशाने गेली ते सांग. तू शिकला आहेस.' एवढ्या ओळी मी किती वेळा वाचल्या ते विचारू नकोस.

तू विचारलंस म्हणून सांगतो. विचारलं नसतंस तर कदाचित सांगितलं नसतं. हे पत्र खोलीतल्या कोणाकडून वाचून घेऊ नकोस, अक्षर लागलं नाही तरी स्वतःच वाच. वहिनीला कधी सांगायचं ते तू ठरव.

महाडच्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं, मुलं गेली ती कशी? मी सांगितलं. जन्मली तेव्हा धडधाकट, रडणारी. तीन-चार दिवस अंगावर प्यायली. मग तोंड उघडेना. दूध ओठांवरून ओघळायचं. अंग ताठ व्हायचं, मूठ सुटायची नाही, कोणी दाराचा आवाज केला तरी पाठीची कमान व्हायची. डॉक्टरांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. म्हणाले, हा धनुर्वात. गुरांच्या शेणात, गोठ्याच्या मातीत त्याचे जंतू असतात, डोळ्यांना न दिसणारे. बाळाची नाळ कापली की ती ओली जखम असते. तिथे ती माती लागली, किंवा विळा मातीचा असला, की जंतू आत शिरतो आणि जबडा धरतो. चुलीतून निघालेली गरम राख एक वेळ निभावते. पण गोठ्यात महिनोन्महिने उघडी पडलेली राख म्हणजे त्यात गोठाच आला.

मला आठवलं ते तुलाही आठवत असेल. पूर्वी आत्या चुलीतली ताजी राख घ्यायची. आपण दोघं तिच्याच हातचे आणि जगलो. मग कामाची घाई व्हायला लागली, ऐन वेळी राख गार करायला सवड नसायची, म्हणून तिने गोठ्यात मडकं ठेवलं. वाडीत किती घरी ती गेली! बहुतेक पोरं जगली. काही गेली. प्रत्येक राखेत ते असतंच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

आता तुला कळलं असेल, मी पहिल्या पत्रात काय लिहायचं टाळलं आणि खळ्यावर मी नजर का वळवली. तिच्या हाताला रक्त नाही हे मी सगळ्यांसमोर सिद्ध केलं. आणि ते करताना मला ठाऊक होतं, की तिच्या हातांनीच तुझी बाळं... हे वाक्य मला पुरं करता येत नाही. तू रागावणार, हे मला मान्य आहे. रागाव. पण दादा, तिने ते वाईट बुद्धीने केलं नाही. तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, तुलाही नव्हतं. नाळ कापायला विळा चुलत्याच्या घरातून मागून आणणारा तूच होतास.

आत्याला मी अजून सांगितलेलं नाही. सांगावं की नाही, कळत नाही. भगत गेल्यापासून ती पुन्हा कामाला लागली आहे. परवा जात्यावर गुणगुणतही होती. मी तिचं ते गुणगुणणं मोडू का? न सांगितलं तर माघात खालच्या आळीला एक बाळंतपण आहे, तिथे ती मडकं घेऊन जाईल.

तूच सांग काय करू.

मुरारी


महाड, ता. २० जानेवारी १९३५

दादा,

तुझ्या उत्तराची वाट बघत थांबलो असतो तर फार उशीर झाला असता. मी आत्याला सांगितलं.

अंगणात ती वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्याजवळ बसून शेंगा सोलायला घेतल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं, लहान पोराला समजावतात तसं. ती मान खाली घालून ऐकत होती, हात चालूच होते. माझं संपलं तेव्हा तिने तुझं नाव घेऊन विचारलं, "मंजे सयाची पोरं माझ्याच हातानं गेली?"

मी म्हटलं, तुझ्या हाताने नाही गो, त्या राखेने.

"राख कोनी लावली?"

तिने उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या, सुपातली टरफलं गुरांपुढे टाकली, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. खायला दिलं तर खायची, नाही दिलं तर मागायची नाही. भगताचं पाणी चुन्याचं निघालं तेव्हा तिला वाटलं असेल, की मी असं काही केलेलं नाही हे देवाला ठाऊक आहे. आता तिच्यापाशी तेवढाही आधार उरला नव्हता. मला वाटलं, भगताने तिला वाडीतून काढलं असतं, मी तिला तिच्यातूनच काढलं.

मग काल ती पहाटेच उठून लुगडं बदलून तयार. म्हणाली, मला महाडला ने, तो कागद मला दाव.

पोलादपूरहून आम्ही मोटारीने आलो. ती पहिल्यांदाच मोटारीत बसली आणि सगळी वाट डोळे मिटून होती. हायस्कुलात करमरकर सरांनी तिला बाकावर बसवलं. तिने कनवटीला बांधून मडक्यातली राख आणली होती. सरांनी तिच्याच हातात कागद दिला. तिने थेंब टाकला. लाल झाला. मग तिने सरांना विचारलं, ह्यात तो किडा दिसंल का?

सर म्हणाले, "नाही, आजी. यात फक्त खार दिसतो. राखेत जंतू आहे का नाही, हे या कागदाला सांगता येत नाही. ते बघायचं यंत्र आमच्या शाळेत नाही."

मला वाटलं, आता ती म्हणेल, की मग मी कशाला मानू. पण तिचा चेहरा जरा सैल झाला. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "दिसत नाय त नाय म्हनला. त्या भगताला सगलं दिसायचं."

मग आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांशी ती इतकं बोलली की बाहेर लोक खोळंबले. नाळ बांधायचा दोरा किती वेळ उकळायचा, कात्री कशी उकळायची, फडकं कुठे ठेवायचं, हात कसे धुवायचे, राखेऐवजी काय. काहीच नाही, असं डॉक्टर म्हणाले. काही लावू नका, कोरडं राहू द्या. काहीच लावायचं नाही, हे तिला सर्वांत कठीण गेलं. तिने ते पुन्हा पुन्हा विचारलं.

आज ती दमून धर्मशाळेत पडली आहे. मी ओसरीवर बसून लिहितो आहे.

वहिनीबद्दल. मुंबईत मोठं इस्पितळ आहे, तिथेच बाळंतपण कर. आत्याने राख टाकली असली तरी मी तुला वाडीला पाठव असं म्हणणार नाही. तसं म्हणायचा हक्क मला नाही. पण वहिनीला विचार.

मुरारी


वाडी, ता. ९ एप्रिल १९३५

दादा,

तार करून तुला कळवलंच आहे, मुलगी झाली. तारेत मावत नाही ते आता लिहितो. आज बारसं झालं. तू आला नाहीस. गिरणीतून रजा मिळाली नाही असं वहिनीने सगळ्यांना सांगितलं, आणि मीही मान डोलावली.

वहिनी गोमाजीबरोबर दासगावला बोटीतून उतरली, तेव्हा मी आणि आत्या धक्क्यावर होतो. आत्या यायला तयार नव्हती, मीच ओढून नेली. वहिनीला बघून ती माझ्या मागे लपली. दादा, तू वहिनीला सगळं सांगितलं होतंस, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. ती आत्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. मी काय होतं ते बघत होतो. वहिनी वाकून पाया पडली. वाटेत मला म्हणाली, माझ्या पोरांपायी ह्या घरात माझ्याइतकं कोण रडलं असंल तर ती हीच. मी दुसऱ्या कोनाच्या हाती जाणार नाय.

आत्याने मात्र साफ नाही म्हटलं. माघात खालच्या आळीलाही ती गेली नव्हती; माझे हात नकोत, एवढंच म्हणायची. म्हणून डॉक्टरांशी बोलून नर्सबाईंची सोय केली. मोटार पोलादपूरपर्यंत, पुढे डोली. सगळं ठरवलं होतं. पण वहिनीला कळा सुरू झाल्या त्या ठरल्या दिवसाच्या कितीतरी आधी, भरदुपारी, आणि त्या वेगाने वाढल्या. माणूस धाडला, पण नर्सबाई येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. वहिनी आतून आत्याला हाका मारत होती. आत्या अंगणात उभी, हात पदरात गुंडाळलेले.

मी चुलीवर पाणी चढवलं, कात्री आणि दोरा त्यात टाकला, आणि साबणाची वडी तिच्यासमोर ठेवली. ती त्या पाण्याच्या वाफेकडे बघत राहिली. आतून वहिनी ओरडली, "आत्या, येतीस का मी मरू?" तेव्हा ती बसली आणि हात धुवायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून किती जास्त वेळ धूत होती. नखं, बोटांच्या बेचक्या, कोपरापर्यंत. तिच्या हातांची कातडी पांढरी पडून सुरकुतली. मग ती आत गेली आणि दार लागलं.

मुलीचा आवाज ऐकला तेव्हा मी चुलीपाशीच होतो. मला काही सुचेना, म्हणून मी आणखी पाणी चढवलं.

पुढचे दिवस मी तुला सांगू शकत नाही. शाळेत मी पोरांना काय शिकवलं, देव जाणे. आत्या बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून असायची. मूल प्यायला घेतलं की तिच्या कानात तेवढा एकच आवाज. नाळ पडली, बेंबी कोरडी, स्वच्छ. ज्या दिवसांत आधीच्या दोघांनी तोंड मिटलं होतं, ते दिवस आले आणि गेले. मुलीने तोंड मिटलं नाही. ती भलतीच हावरी आहे, दादा. तुझ्यासारखी.

पण मी लिहायला बसलो ते आजच्यासाठी. बारशाला वाडीतल्या सगळ्या बाया आल्या होत्या. पाळणा झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, बाया उठायला लागल्या. तेव्हा आत्या मध्ये येऊन उभी राहिली आणि म्हणाली, बसा, मला बोलायचंय. तिने मला आधी काही सांगितलं नव्हतं.

ती जे बोलली ते मी तुला तिच्या शब्दांत सांगू शकणार नाही, जमेल तसं लिहितो. तिने सांगितलं की आपल्या वाडीत जी बाळं तोंड मिटून गेली, ती कोणाच्या नजरेने गेली नाहीत. ती गोठ्यातल्या राखेने आणि मातीच्या विळ्याने गेली, आणि ती राख तिने स्वतः लावली. मग तिने एकेकीचं नाव घेतलं. यमुने, तुझी थोरली. बायजे, तुझा मुलगा. सयाचे दोघं. रखमे, तुझा नातू. कोणाचं वर्ष विसरली नाही, कोणाचं नाव चुकली नाही. मला ठाऊक नव्हतं म्हणून केलं, असं म्हणाली. आता ठाऊक झालं, तर तुमच्यापासून लपवून मी तुमच्या घरी कशी येऊ, असं म्हणाली.

पाळण्याची दोरी वहिनीच्या हातात होती, तीही हलायची थांबली. भगताच्या वेळी याच बायांतून रखमाकाकी तिच्या अंगावर धावली होती. मी दारात उभा होतो, कोणी उठलं तर आडवं व्हायचं म्हणून. बायजा पदर तोंडाला लावून रडायला लागली. एक-दोघी निघून गेल्या, त्यांना मी अडवलं नाही. त्यांनी कधी क्षमा केली नाही तर ते त्यांचं त्यांच्यापाशी.

रखमाकाकी उठली. ती आत्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, अगदी जवळ. मी एक पाऊल पुढे टाकलं. काकी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माझ्या सुनेला आता पाचवा लागलाय. तिच्या येळेला येशील ना गो?"

आत्या तिथेच खाली बसली. रखमाकाकीही तिच्याजवळ टेकली.

"येईन," आत्या म्हणाली. "पन कळा सुरू झाल्या का पयलं पानी चढव, मग मला बोलव."

मुलीचं नाव वहिनीने आपल्या आईचं ठेवलं आहे, मंजुळा. तू ये. आल्यावर कोणी तुला काही विचारणार नाही, एवढं मी बघतो.

तुझा,
मुरारी